लिओन्सिओचा डबा

रबराच्या रानातून वाहणाऱ्या तारावाका नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ओस्मारिनाच्या हातांना कायम मेणाचा आणि दारूचा वास यायचा. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची दारू हा तिच्या नवऱ्याचा प्रांत.

तिचे वडील आबदियास जन्मभर रबराचा चीक काढत राहिले. त्यांना मुलगे होते, पण सगळे एकजात धसमुसळे. म्हणून पितळी काडतुसं भरायचं काम त्यांनी मुलीच्या हाती दिलं. उडालेल्या काडतुसाच्या बुडातली, बार पेटवून जळून गेलेली टोपी खिळ्यानं काढायची, नळी राखेच्या पाण्यात धुऊन वाळवायची, नवी टोपी बसवायची, मापानं दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा आणि तोंडाला मधाच्या पोळ्याचं मेण. मरताना म्हाताऱ्यानं आपली सोळा बोअरची एकनळी बंदूकही तिलाच दिली. भाऊ रुसले ते रुसलेच. "रुसायला काय, अक्कल थोडीच लागते," एवढंच ती म्हणाली.

नवरा मिळाला तो क्लोदोमीरो. तो नेम बरा धरायचा, नाही असं नाही. पण एक हरीण मारलं की त्याचं वर्णन पुढचं हरीण मिळेपर्यंत पुरायचं. बार काढला की रिकामं काडतूस तिथंच पाचोळ्यात टाकून यायचा. वाकून उचलणं त्याच्या शानेला शोभत नसे.

"काडतूस कुठंय?" ओस्मारिना विचारायची.

"अगं, रानडुकरांचा कळप अंगावर येत होता! जीव वाचवू का पितळ वेचू?"

"मारून आणलास तो पक्षी. मूठभर. त्याचा कळप होता होय?"

अशानं घरातली काडतुसं कमी कमी होत गेली, आणि नवी मिळणं मुश्कील झालं. होडीतून माल विकत फिरणारा व्यापारी म्हणायचा, सोळा बोअरचं पितळ आता कोण आणतो, प्लास्टिकची घ्या, बारा बोअरची. "आणि बंदूक कुणाची घेऊ, तुझ्या बापाची?" असं ओस्मारिनानं त्याला तोंडावर विचारलं होतं. मग एकच वाट उरली. जुन्या घरांतून, छपरात खोचलेली, कुडाच्या सांदीत विसरलेली काडतुसं शोधायची आणि मीठ, कोंबडी, कसावाच्या कंदांचं पीठ देऊन ती घ्यायची. हे काम क्लोदोमीरोनं आवडीनं अंगावर घेतलं, कारण त्यात चालणं कमी नि बोलणं जास्त होतं. कुठं शिकारी माणूस गेल्याचं कळलं की हा काळा सदरा घालून हजर. विधवेचे डोळे पुसून व्हायच्या आत विचारायचा, "त्यांची काडतुसं कुठं असायची हो, वहिनी?"

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस," ओस्मारिना म्हणायची. "आणि तेही नासकं घेऊन येतोस." कारण तो आणायचा त्यातली निम्मी चिरलेली असायची. तडा दाखवला तर म्हणायचा, "ती नक्षी आहे."

नदीवर एका डब्याची फार ख्याती होती. वरच्या वळणावरच्या लिओन्सिओनं रबराच्या बरकतीच्या दिवसांत बिस्किटांचा मोठा डबा भरून सोळा बोअरची पितळी काडतुसं घेतली होती म्हणे. डबा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे तो दर वर्षी मोठा होत होता.

एका सकाळी रेडिओवर नदीकाठच्या लोकांचे निरोप चालू होते. क्लोदोमीरो नेहमीप्रमाणे त्याच्यावर आवाज चढवून बोलत होता. मधेच त्याला "लिओन्सिओ" ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं "देवाघरी". तो ताडकन उठला.

"म्हातारा गेला! सदरा काढ."

"नीट ऐकलंस का?"

"मला काय कान नाहीत?"

या वेळी ओस्मारिनाही होडीत बसली. एवढा डबा या माणसाच्या पारखीवर सोडायला ती काही वेडी नव्हती. पाणी उतरलेलं होतं, ओंडके वर आले होते. वाटेत क्लोदोमीरोनं लिओन्सिओचं इतकं गुणगान केलं की जिवंतपणी त्याला 'कंजूष कासव' म्हणणारा हाच होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मेल्या म्हशीला मणभर दूध!

वळण घेतलं तर लिओन्सिओ आपल्या घराच्या पायरीवर बसून केळं खात होता.

क्लोदोमीरोचं वल्हं पाण्यातच राहिलं.

"कोण ते?" म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. नजर अधू झाली होती. "काळं काय घातलंयस रे? कुणाचं सुतक?"

"तुमच्या... तुमच्या घरचं कळलं, काका. फार वाईट झालं."

"सासू गेली माझी. नव्वदीची होती. खाऊन पिऊन झोपली ती उठलीच नाही. चार दिवस झाले पुरून." त्यानं साल फेकली. "तिच्याकडं काडतुसं नव्हती."

क्लोदोमीरो सासूच्या आत्म्यासाठी काहीतरी पुटपुटू लागला. ओस्मारिनानं त्याला कोपरानं बाजूला केलं.

"काका, मी खोटं बोलत नाही. हा समजला तुम्हीच गेलात. आम्ही डब्यासाठी आलो."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "ये, पोरी, वर ये. आबदियासची ना तू? तुझा बाप असाच होता, तोंडाचा फाटका. बघ तो डबा."

डबा खरंच मोठा होता. झाकण गंजून बसलं होतं, ते सुरीनं उचकटावं लागलं. आत जे होतं ते ओस्मारिनानं नखानं खरवडून पाहिलं. हिरवीगार बुरशी धरल्यासारखं पितळ. म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं काडतुसं उडवली होती आणि एकदाही न धुता तशीच डब्यात टाकली होती. जळक्या दारूनं पितळ आतून खाल्लं होतं. तोंडं चिरली होती, बुडं सैल झाली होती.

"एवढी जपून ठेवली मी," म्हातारा म्हणाला.

"जपली? काका, पुरलीत तुम्ही."

नदीभर ज्याच्या नावानं पुरुषांच्या तोंडाला पाणी सुटत होतं, तो डबा हा! ओस्मारिनाला हसावं की रडावं कळेना. पण आलीच आहे तर म्हणून ती पायरीवर बसली आणि एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहू लागली. ज्यांचं बूड धड आणि फक्त तोंडाला चीर, ती कानशीनं घासून आखूड करता येतील, म्हणून बाजूला ठेवली. ती मूठभर भरली. बाकीचा ढीग तिनं पायानं ढकलला. "ही वितळवून घंटा करा," ती म्हणाली.

त्या ढिगातली काही क्लोदोमीरोनं तिच्या नकळत खिशात टाकली. ती म्हणेल तेच खरं की काय, असा त्याचा ताठा. घरी आल्यावर, ती नदीवर धुणं धूत असताना, त्यानं स्वतः दोन काडतुसं भरली. म्हाताऱ्याचं पितळ भारी, म्हणून दारूही सढळ हातानं घातली. मापाला काय, बायका वापरतात माप.

बार झाला तो घरामागेच. ओस्मारिना ओल्या हातांनी धावत आली. काडतुसाचं बूड फुटून आग मागे आली होती. क्लोदोमीरो जमिनीवर बसला होता, एक भुवई गायब, कानातून रक्त, अंगठ्याचं कातडं लोंबत होतं. बंदूक शेजारी पडली होती, नळी बंद करणारी तिची कडी उखडलेली.

तिनं आधी त्याची जखम धुतली, कापड बांधलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन रक्त थांबेपर्यंत बसली. मग तिनं बंदूक उचलली, कडी हलवून पाहिली. बापाची बंदूक पुन्हा कधी बंद होणार नव्हती.

"दुखतंय गं," तो कण्हला.

"तुझं भरून येईल," ती म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्याच आठवड्यात ती एकटी होडी घेऊन वरच्या वळणावर गेली. लिओन्सिओच्या भिंतीवर त्याची सोळा बोअर नुसती लटकत होती. त्याला आता समोरचा माणूस ओळखू येत नव्हता तर हरीण काय दिसणार.

"बंदूक मला द्या, काका. जे मारीन त्यातली एक तंगडी तुमची."

"बाईमाणूस शिकार करणार?"

"नाहीतरी आमच्याकडे पुरुषमाणूस तरी कुठं करत होता?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडे हात केला. "पुढची तंगडी नको. मागची."

तेव्हापासून शिकार ओस्मारिना करते. बार काढला की आधी काडतूस उचलते, मग जनावर. निकामी झालेलं पितळ कुऱ्हाडीच्या पाठीनं चेचून सपाट करते, म्हणजे कुणा शहाण्याला ते पुन्हा भरायची बुद्धी होऊ नये. क्लोदोमीरो घरी कसावा किसतो, पिळतो, पीठ भाजतो. पीठ चांगलं भाजतो, हे ती कबूल करते, पण त्याच्यासमोर नाही.

भुवईबद्दल कुणी विचारलं की तो जग्वारची गोष्ट सांगतो. झेप, पंजा, तोंडाजवळ आलेला श्वास, सगळं. एकदा मेजवानीत ओस्मारिना ताटं वाढत होती तेव्हा त्यानं ती पुन्हा लावली.

"जग्वार नव्हता," ती वाढता वाढता म्हणाली. "गाढव होतं. बंदुकीच्या मागच्या बाजूला."

लोक हसले. त्याला फारसं ऐकू गेलं नाही. एक कान बहिरा झाल्यापासून तो आणखी मोठ्यानं बोलतो, एवढाच काय तो फरक.