मावसाजींनी वसवलेली शहरं

आमच्या मावसाजींइतकी शहरं वसवलेला माणूस साऱ्या छत्तीसगडात नाही. सरकार रायपूरशेजारी एकच नवं रायपूर किती वर्षं वसवून राहिलं आहे, ते सगळ्यांना दिसतंच. मावसाजी, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, सकाळचा चहा निवायच्या आत दोन-तीन शहरं उभी करतात. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना मुलाचा जुना कॉम्प्युटर मिळाला, त्यात आळीपाळीनं चाली द्यायचा एक खेळ निघाला, आणि मावसाजींनी त्यात संसारच मांडला. सुरुवातीला रिकामा नकाशा असतो आणि गाठोडी घेऊन निघालेली थोडी माणसं. त्यांना सेटलर म्हणायचं. ती जिथं थांबवाल तिथं शहर. मग त्या शहराला पोसायचं, शेती लावायची, नवे सेटलर तयार करून पुढे धाडायचे. मी पत्रकं लिहिणारी, मोर्चे काढणारी मुलगी. नकाशावर बोट ठेवून माणसं हलवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. पण मावसाजींवरचा संताप टिकत नाही, ही माझी पंचाईत.

त्यांच्या शहरांना नातेवाइकांची नावं असतात. राजधानी मावशीच्या नावाची, नदीकाठी, चारी बाजूंनी हिरवळ. मग मुलं, सुना, व्याही. ज्याच्याशी अबोला असेल त्याचं शहर वाळवंटात. हे नातेवाइकांनाही ठाऊक झालेलं आहे. अमरावतीच्या आत्याबाई, म्हणजे मावसाजींची बहीण, फोनवर तब्येत विचारत नाहीत, "माह्यं कसं चालू आहे?" असं विचारतात. "धान्य भरपूर आहे, पण कोट नाही बांधला अजून," मावसाजी सांगतात. "काहून नाही बांधला? तुह्या साळीच्या शहराले बांधला ना!" एकदा आत्याबाईंचं शहर लुटारूंनी घेतलं. मावसाजींनी ही बातमी दाबून ठेवली, पण रायपुरातल्याच एका लग्नात कोणीतरी ती आत्याबाईंच्या कानावर घातली. त्यांनी जेवायलाच नकार दिला. मावसाजी पंगतीतून उठले, स्कूटरवरून घरी गेले, शहर सोडवलं आणि परत येऊन आत्याबाईंच्या पानात स्वतः मठ्ठा वाढला.

माझं शहर मात्र कायम नाराज. "तुह्या शहरात रोज बोंबाबोंब असते वं," मावसाजी म्हणत. मी म्हणायची, "मग त्यांना बाजार द्या, विहिरी द्या!" त्यावर त्यांचं शास्त्र तयार असे. "पहिले पसरू दे. सुरुवातीले जो पसरला नाही, तो मेला. बाजार-बिजार मागून."

हे शास्त्र खेळात राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मावसाजी एक दिवस नव्या रायपुरात कोणाच्या वास्तुशांतीला गेले, ते रुंद रस्ते आणि रिकामे भूखंड त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या हाताला खाज सुटली. "मोकळी जागा दिसली की बसून जावं. उशीर केला तर दुसरा बसते तिथं." मावशीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडून दोघं सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेली. मावशीनं फक्त "हव" म्हणून मान डोलावली.

ब्राह्मणपाऱ्यात ती रोज संध्याकाळी पायी गोल बाजारात जायची आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं, पण साऱ्या पाऱ्याच्या बातम्या घेऊन परतायची. नव्या रायपुरात खाली उतरलं तर रस्ताच रस्ता. बस कधी सुरू होईल ते सरकारलाही माहीत नाही. आम्ही तेव्हा बससाठीच पत्रकं वाटत होतो, म्हणून मी त्यांच्याकडे डोकावले. मावशीनं मला पाणीही विचारलं नाही.

"तू आली कशी?"

"एकाच्या गाडीवर."

"मले नेशील?"

"कुठे?"

"कुठी नाही वं. गोल बाजारात. काही घ्यायचं नाही."

आणि ती भिंतीकडे तोंड करून गप्प झाली. आमच्या मावशीला गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन उभी राहिले. "मावसाजी, शहर वसवलंत, पण माणूस उपाशी ठेवलात!"

मावसाजींनी माऊसवरचा हात काढला. मग हळूच म्हणाले, "खेळात सेटलरले विचारत नाही बेटा. तसं बटणच नाही." आणि हात पुढे करून, "तुह्यापाशी पत्रकं आहेत काय अजून?"

माझ्या एकाही पत्रकावर आजवर नजर न टाकलेला हा माणूस गठ्ठा घेऊन दारोदार फिरला. मी मागे होते. एका दारात तरुण गृहस्थ म्हणाले, "अंकल, हमारे पास तो गाड़ी है."

"गाड़ी आप ले जाते हो बेटा. अम्मा दिन भर क्या करती हैं?"

गृहस्थांच्या मागून एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या आणि त्यांनी आधी चपला घातल्या, मग विचारलं, "कहाँ जाना है?"

बस अजून सुरू झालेली नाही. अर्जावर विचार चालू आहे, असं सरकारी कचेरीतले म्हणतात. मी काही त्यांना सोडणार नाही. पण मावसाजींनी एक ऑटोवाला ठरवला आहे, आणि आठवड्यातून एकदा मावशी, त्या अम्मा आणि इमारतीतल्या आणखी काही जणी त्यात दाटीवाटीनं बसून गोल बाजारात जातात. ब्राह्मणपाऱ्यातलं घर आता दुसऱ्या कोणाला दिलेलं आहे. ते काही परत मिळायचं नाही, हे मावसाजींना माझ्याहून जास्त कळतं.

परवा संध्याकाळी मी गेले तर मावशी बाजारातच होती. पडद्यावर खेळ पुढच्या चालीसाठी थांबलेला. मावसाजी बाल्कनीत उभे.

"चाल द्या ना मावसाजी."

"थांब वं. तिले येऊ दे."

खाली तो भलामोठा, झगमगीत, निर्मनुष्य रस्ता. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. लांबवर ऑटोचा असावा असा एक दिवा दिसला. मावसाजी कठड्यावर वाकले. दिवा जवळ आला आणि इमारतीच्या आधीच्या चौकातूनच वळून गेला. मावसाजी तसेच वाकून उभे राहिले.