बाबांच्या बोलण्याखालची पट्टी

जयपूरच्या बनी पार्कातल्या एका छोट्या केबल चॅनलमध्ये मी पट्ट्या टाकायचे. पडद्याच्या खाली नाव, हुद्दा, वाक्यं उमटवणारं कॉम्प्युटरसारखं मशीन तिथे नवीनच आलं होतं. वाक्यं आधी टाइप करून ठेवायची आणि टेप चालू असताना बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत एकेक कळ दाबायची. ते चालवता येणारी तिथे मी एकटीच, त्यामुळे नाक कायम वर.

आमची एक रीत होती. आडगावची बाई तिच्या बोलीत बोलली की खाली हिंदी पट्टी. शहरातल्या शिकलेल्या माणसाला ती कधीच नाही.

एकदा पेन्शनरांच्या कार्यक्रमासाठी बाबांच्या बँकेने त्यांना पुढे केलं. बाबा नगर जिल्ह्यातले, बदलीने जयपूरला आलेले. हिंदीचा त्यांना भारी अभिमान. बँकेच्या हिंदी पखवाड्यात निबंधाला मिळालेली ढाल आमच्या जवाहर नगरच्या घरात टीव्हीवरच ठेवलेली असे. शूटिंगला आलेल्या कॅमेरामनला त्यांनी सांगितलंच नाही की मुलगी तुमच्याकडेच असते. वशिला वाटेल म्हणे.

टेप आली. बाबा हयातीचा दाखला समजावत होते. शब्द हिंदी, चाल सगळी मराठी.

"ये अंकलजी कौन-सी भाषा बोल रहे हैं?" आमचा प्रोड्यूसर म्हणाला. "नीचे पट्टी डाल दो."

सगळे हसले. मीही हसले. 'हे माझे वडील आहेत आणि त्यांचं बोलणं सगळ्यांना कळतंय' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी त्यांचं प्रत्येक वाक्य नीटनेटकं करून टाइप केलं आणि त्यांच्या ओठांकडे बघत कळ दाबत राहिले.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी बाबांनी ओळखीची दोन मराठी कुटुंबं बोलावली होती. आईने पोहे केले होते. बाबा पडद्यावर आले, खाली पट्टी आली. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःचंच बोलणं वाचत बसले. पोहे कुणी मागून घेतले नाहीत.

पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "लोकांना कळलं नसतं का गं? मतलब, माझं बोलणं?"

"तसं नाही हो बाबा. नवीन मशीन आहे, आता सगळ्यांनाच टाकतो."

"हां, मग ठीक आहे." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला माझीच किळस आली.

पुढच्या आठवड्यात त्याच कार्यक्रमात एक डॉक्टर आले. जयपूरचेच, खणखणीत हिंदी. ती टेप माझ्याच हातून गेली होती, तरी त्यांनाही पट्टी टाकावी हे मला सुचलं नव्हतं. मी बाबांच्या शेजारीच बसले होते. डॉक्टर बोलत राहिले, खाली पट्टी नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत पडद्याच्या खालच्या काठाकडेच बघत होते.

मग उठून त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज मशीन बिघडलं होतं वाटतं."

"हो," मी म्हणाले.