सोन्याची टोपी अन् चिनी मातीचे दात

माणूस तोंड आवळून बसला तर त्याच्या पोटातलं कळत न्हाई. आमच्या जालन्याच्या दुकानात सगळे तोंड उघडूनच बसायचे, मंग किश्श्यांना काय तोटा! आमचे मालक हैदराबादेत एका डॉक्टरच्या हाताखाली दात बसवायला शिकून आल्ते. दात कोरायचं मशीन पायानं चालायचं, अन् तो पाय माझा. कुणी जास्ती बोललं की मी पाय जल्दी मारायची. माणूस बिलकुल गप!

*

तीर्थपुरीचे एक पाटील आले. "ह्या दाताला सोन्याची टोपी बसवा."

दात बघावा तर मोत्यासारखा! मालक म्हणाले, "पाटील, टोपी किडक्या दाताला घालतात. ह्याला काय झालंय?"

"ह्याला काय बी न्हाई झालं. व्याह्याच्या दाताला सोनं हाय!"

टोपी बसली. तवापासून पाटील मयतीलाही हसत जायला लागले. शेवटी पाटलीणबाई चारचौघांत ओरडल्या, "तोंड मिटा! न्हाईतर मढं उठून दागिना बघायला येईल!"

*

एका भटजींचा पुढचा दात पडल्ता. दोन्ही बाजूच्या दातांना टोप्या घालून मधे नवा दात अडकवायचा, ह्याला पूल म्हणतात. भटजींनी नवा दात हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हा कोण्या जातीच्या माणसाचा?"

मालक बिचारे समजावून सांगत बसले. माझं डोकं फिरलं. "चिनी मातीचा हाय, भटजी! तुमच्या घरची लोणच्याची बरणी कोण्या जातीची?"

गप तोंड उघडलं.

*

जाफराबादच्या कचेरीतले एक साहेब. पुढचे चार दात नव्हते, बोललं की नुसती हवा सुटायची, म्हणून बरीच वर्षं घरात गरीब गायीसारखे राहायचे. आम्ही पूल बसवला. आठच दिवसांत त्यांची बेगम बुरखा सावरत दुकानात हजर!

"बाई, वो दात वापस निकाल लेव. जब से लगे, चुपच नै बैठरे!"

*

अन् राजूरची म्हातारी. दोन पोरांना घेऊन आल्ती. पदराची गाठ सोडून तिनं आपलं जुनं डोरलं काढलं.

"मरताना तोंडात सोनं घालतात, बाई. ह्यांचा बाप गेला तवा ह्यांनी नुसतं तुळशीचं पान घातलं. घरात सोनं असून! माझ्या तोंडात काय घालणार हे? मी जिती हाय तवरच घालून घेते. ह्या डोरल्याची टोपी करा."

मालकांनी दाताचा ठसा घ्यायला तिच्या तोंडात प्लास्टर भरलं. तेवढ्यात थोरल्यानं मला ओसरीवर बोलावलं.

"मावशी, टोपी जरा ढिली बसवायला सांगा की. म्हंजी मागून... वाया जाणार न्हाई."

मला कुजबुजता येत न्हाई. तिथूनच ओरडले, "आजी, तुमचा थोरला म्हणून राह्यला, टोपी ढिली बसवा!"

म्हातारीचं तोंड प्लास्टरनं गच्च. बोलता येईना. नुसते डोळे असे फिरवले, की थोरला खांबाआड!

टोपी तयार झाल्यावर तिघंही परत आले. मालकांनी चिकटवायचा मसाला लावून टोपी दाबून बसवली, तो वाळेपर्यंत थांबले. म्हणाले, "आजी, आता कायतरी चावून बघा. पक्की बसली का कळल."

म्हातारीनं थोरल्याकडं पाह्यलं.

"ये रे बाळा. घाल बोट!"