शेप्याचा दुसरा आंबा

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. नुसतं शेताकडे निघालं तरी 'येतो' म्हणायचं. जातो म्हणणारा कायमचा जातो, असा समज. हे मला लहानपणापासून पाठ होतं. आणि नेमका विलायतेला शिकायला निघालो त्या दिवशी, जालन्याच्या स्टेशनात गाडीनं शिट्टी दिल्यावर, खिडकीतून हात काढून मी आईला म्हणालो, "जातो गं!"

आमचं गाव जाफराबादेजवळ. बैलगाडीनं जालना गाठायचं म्हणजे वाटेत एक मुक्काम. बाईमाणसानं स्टेशनापर्यंत कशाला यायचं, असं थोरला भाऊ म्हणत होता, पण आई कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. घरून निघताना तिनं माझ्या हातावर दही घातलं होतं, कारळाच्या चटणीचा डबा बांधून दिला होता, सगळं यथासांग पार पडलं होतं. आणि शेवटी मी माती खाल्ली. "येतो म्हण! आरं, येतो म्हण!" असं ओरडत ती गाडीच्या डब्याबरोबर चालत राहिली. मी म्हणालोही, पण इंजिनापुढे माझं काय चालणार?

मी शिकायला निघालो होतो ती शेतीच. खर्चाला सरकारी वजिफा मिळाला होता, कापसाच्या बियाण्याचं तीन वर्षांचं शिक्षण होतं. गावात ह्याची भरपूर थट्टा झाली. "औत हाणाया समुद्रापल्याड कशाला जायाचं? आमच्या वावरात ये, फुकट शिकवतो," असं चावडीवरची म्हातारी मंडळी म्हणायची. मला राग यायचा.

तिथं गेल्यावर पहिल्याच तासाला हसं करून घेतलं. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे उर्दूतून. हाताला सवय तीच. वही उलट्या बाजूनं उघडली आणि मान खाली घालून शेवटच्या पानावर इंग्रजी लिहायला लागलो. आमचे प्रोफेसर उंच आणि लाल नाकाचे होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडे शेवट आधी लिहून ठेवतात की काय?" वर्ग हसला, मग मीही हसलो. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर लोभ जडला तो कायमचा.

चटणी महिनाभरात संपली. उकडलेल्या कोबीशी माझं अखेरपर्यंत जमलं नाही. पण खोटं कशाला सांगू, मला तिथं आवडायला लागलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, सरकीच्या एका दाण्यावर चार जणांनी तावातावानं भांडायचं, आणि भांडण संपलं की सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. आपल्या डोक्याला एवढं काम असू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तीन वर्षं पुरी व्हायच्या आत लढाई पेटली. समुद्रात जहाजं बुडत होती, माझ्यासारख्याला तिकीट कोण देणार? प्रोफेसरांनी मला हाताखाली घेतलं. निम्मा दिवस प्रयोगशाळेत, निम्मा दिवस बटाट्याच्या शेतात, अशी वर्षं गेली. लढाई संपून एकदाचं जहाज मिळालं तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "आईला भेटून ये. वर्षभर तुझी जागा मी कुणाला देत नाही." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

दिवाळीच्या तोंडावर घरी पोचलो. आईनं उंबऱ्याबाहेरच थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मग आत घेतलं. किती वाळली होती ती! तिला पाहून मला रडू आलं, ते मी कुणापासून लपवलं नाही. लपवली ती दुसरी गोष्ट. परत जायचंय हे घरात कुणाला सांगितलं नाही. उन्हाळा होऊ दे, मग बघू, असं म्हणत राहिलो. ट्रंकेतले वरचे चार कपडे तेवढे काढले आणि बाकीची ट्रंक तशीच पलंगाखाली सारली.

आमच्या विहिरीवर एक आंब्याचं झाड होतं. फळाला शेपूसारखा वास यायचा म्हणून त्याचं नाव शेप्या. वैशाखात त्याची अढी घातली आणि आंबे पिकले तशी वहिनीनं पाटी भरून ओसरीवर आणून ठेवली. मी हात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भावजी, आधी आत्याबाईंना द्या. तुमच्याच हातानं द्या."

"का बरं?"

"तुमी टेशनात जातो म्हणल्ते ना? तवापासून त्यांनी आंबा सोडलाय. तुमी घरी येऊन हातात दिल्याबिगर खायाचा न्हाई म्हून."

तीन उन्हाळ्यांच्या बोलीनं सोडलेला आंबा, लढाईपायी आठ उन्हाळे सुटला होता. आणि आईला आंबा किती प्रिय! घरातली पोरं खायची, ही त्यांची तोंडं पुसायची, असं वहिनी सांगत होती. आई खांबाला टेकून बसली होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

मी एक आंबा चांगला मऊ केला, देठाकडचा चीक पिळून टाकला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो डोळे मिटून खाल्ला. कोय अगदी पांढरी होईपर्यंत चोखली. मी दुसरा मऊ करून पुढे केला. तो तिनं घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"ट्रंक न्हाई रिकामी केली तू आजून," ती म्हणाली. "रोज झाडून राह्यले मी पलंगाखाली. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी पाटीतले आंबे उगाच खालीवर करत राहिलो.

"जायाचं आसंल तर बिलकुल जा. मी आडवी येणार न्हाई. पर आत्ताच सांग, म्हंजी ह्यो दुसरा मी खात न्हाई."

तिच्या आवाजात ना राग होता, ना रडणं. बाजारात जायचंय का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. आंबा तिच्या मुठीत होता आणि त्याचा रस मनगटावर ओघळत होता, तरी ती तो पुसत नव्हती. मला ती प्रयोगशाळा दिसली, ते लाल नाक दिसलं. फार वाईट वाटलं.

"खा," मी म्हणालो.

ती खायला लागली. संध्याकाळी वहिनीनं मला न विचारता ट्रंक बाहेर ओढली, माझे कपडे खुंटीवर टांगले आणि ट्रंकेत वर्षाच्या कुरडया भरल्या.