एक जानेवारीला जन्मलेली माणसं

करंजा गावच्या मच्छीमारांच्या एका संस्थेचं सभासद-रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली होती आणि कुठल्याच कामाचं अप्रूप उरलं नव्हतं. सुकापूरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी काम करते. माझ्या वाट्याला जन्मतारखा आल्या.

आम्ही प्रोग्रॅम लिहायला वापरतो त्या भाषेत असं काम जोडीनं करतात. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, मजकुराची तारीख करतं, दुसरं त्या तारखेचा परत मजकूर करतं. जोडी बरोबर आहे का, हे बघायला एखादी नोंद पाठवायची आणि परत आणायची; गेली तशीच आली पाहिजे. मी पुष्कळ तारखा पाठवल्या, सगळ्या जशाच्या तशा परतल्या. पण त्या मीच बनवलेल्या, नीटनेटक्या तारखा होत्या. ज्या नोंदीची तारीख होत नाही, तिच्यातलं साल उचलायचं, ते नसेल तर वयावरून धरायचं, आणि पुढे एक जानेवारी लावायची, असं मीच लिहून ठेवलं. दमले होते. शिवाय सगळीकडे असंच करतात.

संस्थेतला कारकून नोंद टाइप करायचा, माझं फंक्शन तिथल्या तिथे तिची तारीख करायचं, आणि तेवढीच तारीख साठवली जायची. काम संपलं, वाळवी लागलेली रजिस्टरं रद्दीत गेली. ओळखपत्रं वाटली गेली.

मग संस्थेतून फोन आला, एक म्हातारी ऐकतच नाही, तुम्हीच या. रजा टाकून गेले. सुकी मासळी विकणारी बाई, हातात तीन कार्डं: तिचं, नवऱ्याचं, नणंदेचं.

"बाई, आमी तिगंबी एकाच दिवशी जन्मलो काय?"

"मावशी, तारीख माहीत नसली की एक जानेवारी धरतात," मी म्हटलं.

"पन मना म्हाईत हाय ना! होलीच्या दुसऱ्या दिवशी. बापाची होडी बुडाली त्या साली. बापाच्याच दोस्तानं लिवलं होतं संस्थेच्या वहीत, आपल्या हातानं. ती वही दाखव."

वही नव्हती. कार्डावरच्या तारखेचा परत मजकूर करणारं दुसरं फंक्शन माझ्याकडे होतं; त्यातून एक जानेवारीच निघाली असती. हे तिला कसं सांगायचं, ते कळेना. "वही गेली, मावशी. चूक माझी आहे," एवढंच म्हटलं. तिनं तिन्ही कार्डं एकावर एक ठेवली. मग म्हणाली, "बापाच्या होडीचं तेवडंच कायतरी लिवलेलं होतं."

आमचा टीम लीड माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "मॅडम, क्लायंटने साइन केलंय. कशाला ओढवून घेताय?" त्याचंही चूक नव्हतं. तरी मी नोंद साठवायचा प्रकार बदलला: तारीख नुसती तारीख राहिली नाही, माणसानं सांगितलेला मजकूर जसाच्या तसा, आणि शेजारी अंदाजाची तारीख. आता परत येताना मजकूरच परत येतो.

पुढचे पाच शनिवार मी करंज्याला गेले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीजवळ खुर्ची टाकून एकेकाला विचारत बसायचे. पाठ भरून यायची. पहिली नोंद त्या मावशींची केली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि उठून गेल्या. कुणी विहीर खणली ते साल सांगायचं, कुणी थोरल्या भावाच्या लग्नाचं.

यादीतले काही जण तोवर वारले होते. त्यांच्या नोंदी आहेत तशाच आहेत. एका म्हाताऱ्याला काहीच आठवेना, बायकोनं दोन-तीन सणांची नावं घेऊन पाहिली. शेवटी तो म्हणाला, "नाय आठवत, असं लिव." मी तसंच लिहिलं.