पाण्याच्या जहाजावरच्या वैनी

माझ्या वर्गात साताऱ्याची एक मुलगी आहे. ती अवकाशातल्या एका जुन्या इंग्रजी मालिकेची चाहती आहे. मूळ मालिका चांगली की तिच्यातून पुढं काढलेल्या मालिका, या विषयावर ती डबा खाता खाता अख्खी मधली सुट्टी बोलू शकते. तिच्या मोबाइलवर अशा चाहत्यांचे दोन-तीन ग्रुप आहेत. तिथली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण अवकाशयानाचा रंग का बदलला यावरून हमरीतुमरीवर येतात. परवा तिनं मला विचारलं, "तुमच्या घरी सगळे जुनीच बघतात म्हणालीस ना? का बघतात ते चार ओळी लिहून दे. मी ग्रुपवर टाकते."

मी लिहायला बसले आणि चिडले. कारण त्या जुन्या मालिकेपायी, खरं म्हणजे तिच्या नव्या शेपटापायी, आमच्या घरातली रविवारची बैठक मोडली आहे. ती परत बसेल की नाही, हे एवढंच सध्या मला महत्त्वाचं वाटतं. ते चार ओळींत कसं सांगणार?

मी माण तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. बारावीनंतर मला सांगलीजवळच्या कुपवाडला मामांकडं ठेवलं. मामांचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड कातायची दोन लेथ, एक ड्रिल मशीन, मोठ्या कारखान्यांकडून आलेली शाफ्ट, बुश असल्या सुट्या भागांची कामं. मागं घर. वर्कशॉपमध्ये जतकडचे एक कामगार आहेत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि लेथशी दोन्ही. रविवारी ते आमच्याकडं जेवायला असतात.

मामांच्या मोबाइलच्या रिचार्जबरोबर एक ॲप फुकट आलं होतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर मामांनी ते टीव्हीवर लावलं आणि ही मालिका सुरू झाली. जुनी, इंग्रजी, खाली अक्षरंही इंग्रजी. मी म्हणाले, बदलू का? मामा म्हणाले, "बदलतीस कशाला? कॉलेजात जाती न्हवं? वाच की."

तर मी वाचायला लागले. एक ओळ वाचायची, ती मराठीत सांगायची. अडलं तर रिमोटनं थांबवायचं, मोबाइलवर शब्द बघायचा आणि पुढं जायचं. वर्गात सरांनी मला उभं केलं तर येत असलेलं उत्तरसुद्धा मी अर्धवट सांगते. मग मी खाली बसते आणि पुढचा तासभर स्वतःवर चिडलेली असते. घरी टीव्हीपुढच्या सतरंजीवर तसं होत नव्हतं. कुणाला घाई नव्हती. मामी भाजी निवडत असायच्या, अण्णा भिंतीला टेकून पाय पसरून बसायचे, आणि मी एका अख्ख्या जहाजाचं बोलणं एकटी बोलायचे.

गोष्ट साधी होती. एक मोठं जुनाट अवकाशजहाज बर्फ ओढून नेतं आणि लांब लांबच्या वस्त्यांवर पाणी पोचवतं. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "आवं, ह्यो टँकर हाय की!"

"टँकरच म्हणा," मी म्हणाले.

"मग फेरी कवा येती त्यांच्यात?"

"चार-सहा महिन्यांनी."

"बरं हाय. आमच्यात सरपंच फोन उचलत न्हाई तवर येतच न्हाई."

मामांचा जीव वेगळ्या गोष्टीत होता. प्रत्येक भागात जहाजाचं काहीतरी बिघडायचं. पंप, झडप, दार. आणि ती माणसं खाली बसून, हात काळे करून ते दुरुस्त करायची. मामा मला थांबवायला लावायचे आणि आधी सांगायचे, "सील गेलं आसंल." मग मी पुढं चालू करायचे. सील गेलेलं निघालं तर ते मामींकडं असं बघायचे, जणू त्यांनीच ते जाऊन बसवलं.

त्या जहाजाचा कप्तान एक अबोल माणूस आहे. त्यानं आणि त्याच्या मित्रानं मिळून ते जहाज घेतलेलं असतं. पहिल्याच भागात मित्र मरतो. मित्राची बायको डॉक्टर असते, ती जहाजावरच राहते. कप्तान कामात असला की जेवत नाही, म्हणून ती रोज त्याच्यापुढं ताट आणून ठेवते. तो तिला इंग्रजीत 'डॉक्टर' म्हणतो, मीही तसंच वाचलं. मामी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "डॉक्टर काय? मैतराची बायको म्हंजे वैनी की." अण्णांनी मान हलवली. तेव्हापासून पडद्यावर 'डॉक्टर' आलं की मी 'वैनी' वाचायला लागले. कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही.

आमच्या घरात ते आपोआप झालं, कारण आमच्या घरालाही अशा एक वैनी आहेत. मामांनी वर्कशॉप काढलं ते एका मित्राबरोबर. ते मित्र मी इथं येण्याआधीच आजारात गेले. त्यांच्या पत्नी सांगलीत राहतात. दर रविवारी सकाळी मामा त्यांच्याकडं जातात, सिलेंडर लावून देतात, टाकी धुतात, गळका नळ बघतात. त्या पोहे करतात, मामा खातात आणि अकरापर्यंत परत येतात. मामी जाताना काही ना काही पिशवीत घालून देतात. मामा त्यांना वैनी म्हणतात आणि त्या मामांना भावजी. या दोन शब्दांपुढं कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. निदान मी तरी कधी ऐकलं नाही.

मूळ मालिका आमची दोनदा बघून झाली. मग त्यातून काढलेली पहिली मालिका आली. ती हिंदीत होती. मला वाटलं, चला, माझे कष्ट वाचले. तिच्यात अवकाशात चाललेलं कॉलेज होतं. चकचकीत जहाजं, सगळी पोरं देखणी, धडाधड गोळीबार. अर्ध्या तासानं मामा म्हणाले, "ह्यांचं कायच बिघडत न्हाई व्हय?"

"गाडी नवी हाय," अण्णा म्हणाले. "गॅरंटीत आसंल."

मामींना कोण कुणाचा कोण तेच कळेना. "ह्यो त्या पोराचा बाप, का मास्तर?" मला सांगता येईना, कारण मालिकेनंच सांगितलं नव्हतं. मी नुसता रिमोट धरून बसले होते. मला वाईट वाटलं हे खरं, पण फक्त माझं काम गेलं म्हणून नाही. थांबवून बोलावं अशी एक जागा त्या मालिकेत नव्हती. दोन भागांत आम्ही परत जुनीवर आलो.

मग या वर्षी दुसरी आली. कप्तानाच्या तरुणपणाची. या वेळी मी स्वतः सगळ्यांना बोलावून बसवलं. मेलेला मित्र आता जिवंत बघायला मिळणार म्हणून मामा खूश होते. पहिले दोन भाग बरे गेले. दोघं मित्र भंगारातून जहाज उचलतात, महिनाभर नुसतं साफ करतात. मामा म्हणाले, "आमी पैलं लेथ आसंच आणलं हुतं. गंजून लाल."

तिसऱ्या भागात मित्र फेरीवर गेलेला असतो. आणि मागं त्याची बायको आणि कप्तान एकमेकांच्या मिठीत दाखवले. प्रेमाच्या गोष्टी बोलत होते. सगळं हिंदीत, त्यामुळं सगळ्यांना एकदम कळलं. मला मध्ये पडायला, शब्द मऊ करायलाही जागा नव्हती.

मामांनी माझ्या हातातला रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"ह्ये कुणी घातलं ह्यात?"

"मामा, मालिका आहे," मी म्हणाले. "आणि त्यांच्यात वैनी असं काही नसतं. ते नाव आपणच ठेवलंय."

"आपुन ठिवलं म्हंजे? त्यो वागत हुता का न्हाई तसा? रोज तिच्या हातचं जेवला, कवा मान वर केली का त्यानं?"

"ही नव्या माणसांनी लिहिलीय. जुनी लिहिणारे वेगळे होते."

"मग जुन्यास्नी इचारायचं तरी," मामा म्हणाले आणि चप्पल घालून वर्कशॉपमध्ये गेले. रविवारी. मशीन बंद असताना.

अण्णा अजून काळ्या पडद्याकडंच बघत होते. "पाण्याचं काय झालं मग?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या त्या साताऱ्याच्या मैत्रिणीला हे सांगितलं. नावं, नाती काही न सांगता, फक्त आमच्या मामांना तो भाग आवडला नाही एवढंच. ती म्हणाली, "अगं, तोच तर भारी आहे! आता जुनी परत बघ. ती ताट आणते ना, त्या सगळ्याला आता वेगळाच अर्थ येतो." मी मान डोलावली, कारण तिच्यापुढं मला पटकन बोलता येत नाही. घरी येताना रिक्षात मात्र माझं डोकं तापलं. हेच तर दुखणं आहे! नवी मालिका नुसती वाईट असती तर बघितली नसती आणि विसरलो असतो. ही मागं जाऊन जुनीला हात लावते. ताट आणणं हे नुसतं ताट आणणं होतं. आता त्याला अर्थ आला. तो कुणी मागितला होता?

पुढच्या रविवारी सकाळी मामा निघताना मामींना म्हणाले, "तू बी चल." मामी गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग तिसऱ्या. मामींचं रविवारचं धुणं, दळण सगळं दुपारवर पडायला लागलं आणि दुपारी आमचा टीव्ही बंदच होता.

स्वयंपाकघरात मामींनी मला सांगितलं, "वैनींनी पोह्याची ताटली पुढं ठिवली की ह्यांचं सगळं ध्यान माझ्याकडं. मी हाय का न्हाई ते बघत्यात. खातबी न्हाईत धड. वैनींनीच काल मला इचारलं, भावजींचं काय बिनसलंय का? आता काय सांगू मी? टीव्हीत बघून बिनसलंय?"

"तुम्ही मामांना बोला की."

"काय बोलू? मला तुमच्यावर शंका न्हाई, आसं? कवा नव्हतीच, तर त्ये तोंडानं बोलायचं कसं?"

मला मामांचा राग आला. एवढा मोठा माणूस आणि गोष्टीवरून असा वागतो. मग त्या लिहिणाऱ्यांचा आला. कुठल्या तरी लांबच्या शहरात बसून त्यांना वाटलं असेल, कप्तान फार सरळ आहे, जरा मसाला घालू. त्यांना आमचं घर माहीत असायचं कारण नाही, हे मला कळतं. तरी राग आला. ग्रुपवरचे लोक म्हणतात, मूळ मालिकेचे संवाद चांगले, नटांचं काम चांगलं. असेलही. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की मूळ मालिकेत एक पुरुष आणि एक बाई रोज एका जहाजावर होते आणि लिहिणाऱ्यानं त्यांना सुखानं राहू दिलं होतं. आमच्या घरी तेच आवडलं होतं.

गेल्या रविवारी मी कुणाला न विचारता जुनी मालिका लावली. टीव्ही असाच बंद ठेवून गप्प बसून राहणं मला जमणार नव्हतं. अण्णा आले आणि भिंतीला टेकले. मामी परातीत शेंगा घेऊन बसल्या. मामा वर्कशॉपकडच्या दारात उभे होते, आमच्याकडं पाठ करून. चप्पल पायात.

"मामा, बसा की," मी म्हणाले.

"बसत न्हाई. तू चालव."

पहिलाच भाग. मित्र गेलेला आहे आणि मोठा पंप बंद पडलाय. कप्तान खाली आडवा पडून काम करतोय आणि ती ताट घेऊन येते. हा प्रसंग पुढं ढकलावा असं माझ्या मनात आलं, बोटही बटणावर गेलं. पण मला त्या नवं लिहिणाऱ्यांचा इतका वैताग आला होता की मी ढकलला नाही. आवाज मात्र बारीक झाला. मी जवळजवळ स्वतःशीच वाचलं.

दारातून मामा म्हणाले, "मोठ्यानं वाच की. हितं ऐकू येत न्हाई."

मामींचे शेंगा फोडणारे हात थांबले. मी थोडं मागं घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "वैनी, ठेवा तिथं. पंप चालू झाला की जेवतो."

"आज जेवत न्हाई मग त्यो," अण्णा म्हणाले. "त्यो पंप काय चालू हुईत न्हाई."

"हुतोय," मामा म्हणाले. वळले नाहीत. "आधी बेरिंग बघ म्हणावं त्याला."