मन वळवायची पाच मिनिटं

नववीत असताना मी फार बोलायचे. अजूनही बोलते, पण तेव्हा मला वाटायचं, आपण तोंड उघडलं की जग ऐकतं. जग म्हणजे जामखेडातल्या आमच्या शाळेचा एक वर्ग, अडतीस मुलगे आणि दोन मुली. एक मी, दुसरी माझ्या बाकावरची मैत्रीण.

दुष्काळाचं वर्ष होतं. मैत्रिणीच्या घरचे सगळे खडी फोडायच्या कामावर जायचे, आणि आता तीही शाळा सोडून जाणार होती. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "ती गेली की तुझंही नाव काढायचं. एवढ्या मुलग्यांत एकटी बसायची नाहीस." दुसऱ्या दिवशी मैत्रिणीपुढे मी रडून घेतलं.

त्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी प्रत्येकाला वर्गापुढे पाच मिनिटं बोलायला लावलं. विषय आपला, पण ऐकणाऱ्याचं मन वळलं पाहिजे. सरांनी युक्त्याही शिकवल्या. प्रश्न टाकून थांबायचं, शेवटी आवाज खाली आणायचा. मी विषय घेतला, 'मुलींनी शाळा सोडू नये'. तीन दिवस आरशापुढे हातवारे केले. आई म्हणाली, "अगं, अंगात आलंय की काय तुझ्या?"

भाषणाच्या दिवशी मी टेबलावर मूठ आपटली. "मुलींनी अंधारातच राहायचं का?" म्हणून ऐटीत थांबले. आमच्या वर्गाला प्रश्न आला की एका सुरात उत्तर द्यायची सवय! अडतीस गळे ओरडले, "होऽऽऽ!" सर फळ्याकडे तोंड करून हसले. मी हट्टानं दुसरा प्रश्न टाकला, "हे हात खडी फोडायला आहेत का?" आणि आपलेच हात वर धरले, मऊ, बांगड्या भरलेले. या वेळी कुणी ओरडलं नाही. निम्म्या पोरांच्या आया त्याच कामावर होत्या. मला मूर्खाला वाटलं, काय शांतता, जिंकलंच! मग आवाज खाली आणला, डोळ्यांत पाणीही आणलं. सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून पोरांनीही वाजवल्या.

बाकावर येऊन मी मैत्रिणीला विचारलं, "मग? राहशील ना?"

"लई झ्याक बोललीस," ती म्हणाली. "सोमवारपास्नं मी कामावर."

असा राग आला मला! मी एवढा घसा फोडला आणि ही ढिम्म! मी अबोला धरला.

रविवारी ती आमच्या दारात उभी. वडील ओट्यावर पेपर वाचत होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका, मी उद्यापास्नं चालले. पर हिला शाळंतनं काढू नगा. वर्गातली पोरं चांगली हायेत, कुनी काय बोलत न्हाई."

एवढंच. वडिलांनी पेपर खाली ठेवला, "बरं" म्हणाले, आणि माझी शाळा वाचली.

मी मॅट्रिक झाले, पुढे चक्क शिक्षिका झाले. भाषणाच्या त्या आठवड्यात मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी दोन शब्द बोलावं, हे मात्र मला एकदाही सुचलं नाही. घर शाळेच्या मागेच होतं.